लिटमस खरं बोलतो, पण अर्धंच

आम्लात निळा लिटमस लाल, आम्लारीत लाल लिटमस निळा. शाळा सुटून कितीही वर्षं झाली तरी हे वाक्य कुणी विसरत नाही. माझा राग नेमका त्याच्यावरच आहे. वाक्य चुकीचं आहे म्हणून नव्हे, धडा तिथेच संपतो म्हणून.

तक्ता पाठ केला की मुलांना वाटतं, रंग म्हणजेच निकाल. आता गंमत बघा. पीएच, म्हणजे सामू, ६ असलेलं पाणी घ्या. त्यात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाका. पाणी पिवळं. तक्ता म्हणतो, आम्लारी! त्याच पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन टाका. रंगच नाही. तक्ता म्हणतो, आम्ल! पाणी तेच, निकाल दोन. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. दर्शक हा स्वतःच बहुधा एक सौम्य आम्ल असतो. भोवती हायड्रोजन आयनांची गर्दी असली की ते त्याच्या रेणूला चिकटतात, गर्दी हटली की सुटतात. या चिकटण्या-सुटण्याने रेणूतली इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते, तो वेगळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला वेगळा रंग दिसतो. पण किती गर्दीला चिकटायचं, हे प्रत्येकाचं आपापलं. सोरेन्सनने १९०९ साली पीएचची मोजपट्टी दिली, म्हणून ते आकड्यात सांगता येतं. मिथिल ऑरेंज साधारण ३.१ ते ४.४ मध्ये लालचा पिवळा होतो, फिनॉल्फ्थॅलीन ८.२ ते १० मध्ये गुलाबी. उदासीन म्हणजे ७. तो या दोघांच्या खिजगणतीतही नाही!

घरातली हळदही तशीच. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागला की लालभडक होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्या बायकांना हे कुठल्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होतं. पण हळद लिंबाच्या रसात पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच. म्हणजे ती आम्लारी ओळखते. आम्ल आणि पाणी यांतला फरक तिला दिसतच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मुलांना एक दर्शक देऊ नका, तीन द्या. हळद, जास्वंदीचा रस, लिटमस. समोर लिंबू, खायचा सोडा आणि साधं पाणी ठेवा. 'रंग कोणता आला' याच्या जोडीला 'या दर्शकाला काय दिसत नाही' हेही विचारा. आणि परीक्षेत एखाद्या पोराने 'हळद पिवळीच राहिली, त्यामुळे पदार्थ आम्ल की उदासीन ते सांगता येत नाही' असं लिहिलं, तर त्याला पैकीच्या पैकी मार्क द्या.

कारण मोठेपणीही आपण हेच करतो. एक चाचणी, एक रंग, की लगेच निकाल. चाचणीला काय विचारलं होतं, हे बघायची सवय सातवी-आठवीतच लागली तर किती बरं! तुम्हाला काय वाटतं?