अस्वलाच्या आकाराची अश्वगंधा

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफी मशीनशेजारी एक बरणी असते. आत लालचुटुक अस्वलं, म्हणजे अश्वगंधेच्या गमी. ‘घे रे, जेलीसारखी लागतात,’ म्हणत पोरं मीटिंगला जाताजाता दोन-चार तोंडात टाकतात. बरणीच्या मागे, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत, तीन सूचना : औषध म्हणून वापरू नये, सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नये, मुलांपासून दूर ठेवावे. आकार अस्वलाचा, चव स्ट्रॉबेरीची, आणि मुलांनी म्हणे लांब राहावं! अन्न नियामक एफएसएसएआयला सूचना छापून हव्या होत्या, छापल्या. झालं काम.

अश्वगंधेचं चूर्ण घेणारा दुसरा चमचा मागत नाही. तिचा कडवटपणा हाच तिच्या मात्रेवरचा पहारा. तो उठवण्याची आता रीतसर विद्या झाली आहे, टेस्ट मास्किंग नावाची, आणि विद्या म्हणून ती अफलातून आहे. लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला कडू कळत नाही. म्हणून कणाकणावर असं पॉलिमर चढवतात की ते तोंडात ढिम्म हलत नाही आणि जठराच्या आम्लात विरघळतं. नाहीतर सात ग्लुकोजचं कडं असलेल्या बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत कडू रेणू दडवतात. एवढी हुशारी परवडत नसेल तर साखर आहेच. आमच्या बरणीवरच्या यादीत पहिलं नाव तिचंच आहे.

तापानं फणफणलेल्या पोराला कडू अँटिबायोटिक पाजायचंय? खुशाल वापरा ही विद्या. तिथे मात्रा डॉक्टर ठरवतो, आई चमच्यानं मोजते. गमी कोण मोजतं? बनवणाराही धड मोजत नाही. अमेरिकेत झोपेसाठी घेतात त्या मेलाटोनिनच्या 25 गमी तपासल्या, 2023 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला : 22 लेबलं चुकीची. एकीत मेलाटोनिनच नाही, तर एकीत छापल्याच्या जवळपास साडेतीन पट.

‘वनस्पतीच तर आहे, काय होतंय?’ हे उत्तर मला तोंडपाठ झालंय. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात, कोविडच्या धास्तीनं गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य झाली नाही, तो वाद वेगळा. पण गुळवेल कडूजहर असतानाही लोक रोज घेत होते. ती स्ट्रॉबेरीची असती तर?

(याच बंगळूरात उगादीला लोक बेवू-बेल्ला खातात. गुळासोबत कडुनिंब चावतात, त्याला अस्वल करत नाहीत.)

साखरेच्या कवचातल्या लोहाच्या गोळ्या खाऊ समजून खाल्ल्यानं अमेरिकेत लहान मुलं दगावली. 1997 मध्ये तिथल्या अन्न-औषध नियामक एफडीएनं 30 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोहाची प्रत्येक गोळी वेगळ्या वेष्टनात हवी, असा नियम केला. 2003 मध्ये उद्योगवाल्यांनी तो कोर्टातून पाडून घेतला. म्हणजे धोका ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये.

आपल्याकडे एफएसएसएआयनं निदान दोन गोष्टी कराव्यात. सप्लिमेंटला प्राण्यांचे आणि कार्टूनचे आकार बंद. गमी बरणीत नाही, गोळ्यांसारखी स्ट्रिपमध्ये, दर खेपेला एक फोडावी लागेल अशी. कारखानदार म्हणतील, खप पडेल. पडू दे.