हप्त्यावरचं शिलाई मशीन

'शिलाई मशीनचा शोध कोणी लावला?' असं विचारलं की क्विझवाले पटकन 'इलायस हाऊ' म्हणतात. १८४६चं अमेरिकन पेटंट त्याच्या नावावर आहे, त्यामुळे मार्क मिळतात. पण मशीन घरात आणलं ते हाऊने नाही, एडवर्ड क्लार्क नावाच्या वकिलाने, असं माझं ठाम मत आहे. आम्हा इंजिनियर लोकांना हे पचायला जड जातं, पण इलाज नाही.

हाऊची कमाल होतीच. हातसुईला नेढं मागे असतं, त्याच्या सुईला ते टोकापाशी होतं. सुई कापडाखाली दोऱ्याचा फास सोडते, धोटा दुसरा दोरा घेऊन त्यातून जातो, टाका पक्का! मग १८५१मधे सिंगर आपलं मशीन घेऊन आला, हाऊने त्याला कोर्टात खेचलं आणि १८५४मधे पैसे वसूल केले. बाकीच्या कंपन्याही एकमेकींवर दावे ठोकत होत्याच. शेवटी १८५६मधे हाऊ आणि तीन मोठ्या कंपन्यांनी पेटंटं एकत्र केली नि इतरांकडून मशीनमागे १५ डॉलर घ्यायला सुरुवात केली. म्हणजे भांडण मिटलं, पण मशीन काही स्वस्त झालं नाही.

सिंगरचं मशीन तेव्हा १२५ डॉलरला होतं नि साध्या कुटुंबाची वर्षाची कमाई ५००च्या आसपास. घेणार कोण? क्लार्क हा सिंगरचा भागीदार. त्याने १८५६मधेच स्कीम काढली: ५ डॉलर भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याच्या हप्त्याने. हप्ते थकले की मशीन परत आणि भरलेले पैसेही गेले. वर एक्सचेंज ऑफर! कुठल्याही कंपनीचं जुनं मशीन आणा, ५० डॉलर सूट. आलेली जुनी मशीनं मोडून टाकायची, म्हणजे सेकंडहँड बाजारच नको. (मोबाईलवाल्यांनी नवीन काही शोधलंय असं वाटत असेल तर विसरा.)

फायदा झाला का? घरच्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईला नक्कीच झाला. साडेचौदा तासांचा पुरुषी शर्ट सव्वा तासात व्हायला लागला, असे त्या काळचे कंपनीचे आकडे आहेत. जाहिरातीचे म्हणून थोडे कमी धरा, तरी फरक प्रचंड आहे. तिच्यापुरतं मी क्लार्कला शंभर टक्के मार्क देईन.

पण न्यूयॉर्कमधे खोलीत बसून कंत्राटदारासाठी शर्ट शिवणाऱ्या बाईचं गणित वेगळं होतं. काम वेगाने व्हायला लागलं तशी नगामागची मजुरी उतरली. दोरा तिचा, दिव्याचं तेल तिचं, आणि आता मशीनचा हप्ताही तिचाच. कारखानदाराने घ्यायचं यंत्र तिने कर्ज काढून घेतलं, तेही त्याच्याच कामासाठी! एखादा आठवडा काम आलं नाही की हप्ता चुकायचा, आणि मशीन उचलून नेलं तर पुढचे शर्ट शिवायचे कशावर?