कोरा रकाना आणि शून्य

आमचा धंदा स्टीलच्या भांड्यांचा. डब्यांचा संच ग्राहकासमोर उघडताना मोठ्या डब्यातून लहान, त्यातून आणखी लहान असा काढत जावा लागतो. ई-इन्व्हॉइसची जेसन फाइल सूनबाईने मला याच भाषेत समजावली. बिल हा मोठा डबा. त्यात विक्रेत्याचा, खरेदीदाराचा आणि मालाच्या यादीचा असे वेगवेगळे डबे, आणि यादीतील प्रत्येक वस्तूच्या पोटात दर, सवलत, कर. पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले, आणि बिले प्रोग्रामने वाचण्याचा प्रघात रविवार पेठेतील पेढ्यांपर्यंत येऊन पोहोचला.

आतला एखादा डबा नसेलच तर काय करावे, हा खरा प्रश्न. माल बिलाच्याच पत्त्यावर उतरणार असेल तर माल पोहोचवण्याच्या पत्त्याचा डबा फाइलीत नसला तरी चालते. तो उरुळी देवाचीच्या गोदामात जाणार असेल तर हा डबा येतो, आणि एकदा आला की त्यातील पिनकोड व राज्याचा क्रमांक द्यावाच लागतो. बाहेरचा डबा ऐच्छिक, आतील वस्तू सक्तीची! आमचा प्रोग्राम प्रत्येक बिलात थेट पिनकोड मागत असे. डबा नसलेले पहिलेच बिल आले आणि तो अडून बसला.

दिवाळीचे दिवस होते. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला मी सांगितले, "जे सापडणार नाही ते शून्य धर, पण काम थांबवू नकोस." त्याने तसे केले. काम सुरळीत चालले, आणि माझे समाधान झाले.

वास्तविक आमच्या जुन्या दिवाणजींनी मला असे कधीच करू दिले नसते. खतावणीत व्यवहार नसेल तेथे ते आडवी रेघ मारीत. रक्कम कळायची असेल तर जागा कोरी ठेवीत. आणि हिशेब करून खरोखर शून्य आले, तरच शून्य लिहीत.

जगाधरीच्या एका लहान पुरवठादाराची बिले त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून येतात. तेथे कराच्या रकान्याचे नाव बदलले. आमच्या प्रोग्रामला आयजीएसटी सापडला नाही, म्हणून त्याने निमूटपणे शून्य मांडले. आपली नोंद आणि जीएसटीआर-२बी यांपैकी जी रक्कम कमी तीच धरायची, असा आमचा सावध रिवाज. त्यामुळे कोठे तक्रारही उमटली नाही. आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरनंतर (वार्षिक विवरण त्याआधी भरले तर तेव्हाच) राहिलेले क्रेडिट घेता येत नाही. सूनबाईच्या हे लक्षात आले तेव्हा मुदतीला नऊ दिवस उरले होते.

"पप्पा, भाईंदरच्या बिलात आयजीएसटी नसणे बरोबर आहे," ती म्हणाली, "पण जगाधरीच्या बिलात तो नसणे ही चूक आहे. प्रोग्रामला दोन्ही सारखेच दिसतात."

आता प्रोग्राम आधी पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक आणि पुरवठ्याच्या राज्याचा क्रमांक ताडून पाहतो. दोन्हीकडे २७ असेल तर सीजीएसटी व एसजीएसटी हवेतच. एकीकडे ०६ असेल तर आयजीएसटी हवाच. (हा ०६ अक्षरे म्हणूनच वाचावा, संख्या म्हणून वाचला तर पुढचे शून्य गळते. विशेष आर्थिक क्षेत्रातील व्यवहारात राज्य एक असूनही आयजीएसटी लागतो, ते वेगळे.) सवलत नसेल तर शून्य चालते. जे हवेच ते नसेल तर बिल उचंत यादीत जाते, आणि उरलेली बिले पुढे सरकतात.

एक खाचखळगा मात्र तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. पायथनमध्ये 'गेट' वापरून पर्यायी किंमत दिली, तरी ती रकाना मुळातच नसेल तेव्हाच मिळते. रकाना आहे पण त्यात 'नल' आहे, अशा वेळी हाती 'नन' येते, आणि त्याच्या आत डोकावू गेले की प्रोग्राम कोसळतो. म्हणून प्रत्येक पायरीवर डबा आहे का आणि तो भरलेला आहे का, हे दोन्ही विचारावे लागते.

गेल्या महिन्यात उचंत यादीत चार बिले आली. तीन पुरवठादारांनी फोनवर बोलून दुरुस्त करून दिली. चौथ्याचा फोन अजून लागत नाही.