तळे स्वच्छ झाले, पण...

गेल्या वर्षी श्रमदानाच्या शिबिरात आम्ही महाविद्यालयामागचे तळे 'स्वच्छ' केले. जलपर्णी तर काढलीच, पण तिच्याबरोबर काठचे पाणकणसाचे सारे बन आणि लव्हाळ्याची बेटेही मुळासकट उपटली. छायाचित्रे निघाली, शाबासकी मिळाली. पुढच्याच पावसाळ्यात उघडा पडलेला काठ ढासळला, पाणी गढूळ झाले आणि तेथे वावरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या दिसेनाशा झाल्या. आता काठ सिमेंटने बांधून मध्ये कारंजे बसवावे, असा विचार पुढे आला आहे. माझे मत निराळे आहे. जे उपटले ते पुन्हा लावावे.

आमची चूक ही की, दोन वेगळ्या वनस्पतींना आम्ही सरसकट घाण ठरवले. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली. ती पाण्यावर तरंगते आणि अख्खे तळे झाकून टाकते. पाणकणीस येथलेच. ते उथळ पाण्यात मुळे रोवून चिखल धरून ठेवते आणि पाण्यातली खतद्रव्ये शोषून पुरुषभर उंच वाढते. पाणकोंबडी त्याचे कोवळे कोंब खाते. अंगावर रेघा असलेली सुगरण त्याच्या बनात घरटे विणते. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी तुकोबांच्या लव्हाळ्यावर परीक्षेत पानभर लिहितो आणि खरा लव्हाळा दिसला की फावडे शोधतो!

काहीजण म्हणतील, हे फार माजते, डास होतात. आक्षेप खरा आहे. एका कणसातून लाखाच्या वर बिया वाऱ्यावर उडतात, चिखलातले खोड आडवे पसरत जाते आणि दाट बनात माशांना डासांच्या अळ्यांपर्यंत पोचता येत नाही. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात 1982 साली पक्ष्यांच्या भल्यासाठीच गुरांची चराई बंद केली. परंतु म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत इतके वाढले की पक्ष्यांना मोकळे पाणी कमी पडू लागले. म्हणजे नुसते लावून भागत नाही, विळाही हाती हवा.

म्हणून माझी सूचना अशी. तळ्याचा एक-तृतीयांश काठच पाणकणसाला द्यावा. त्यापुढे पाण्याखाली दगडांचा बांध घालावा किंवा रोपे भक्कम, रुंद कुंड्यांत लावून उथळ पाण्यात ठेवावीत. कापूस उडण्याआधी कणसे कापावीत. नको तेथले ताट पाण्याच्या पातळीखाली छाटावे. मुळांना हवा पोचवणारी वाट बंद झाली की ते कुजते. कापलेला पाला मात्र पाण्यात न सोडता खतखड्ड्यात टाकावा, नाहीतर शोषलेले सारे पुन्हा पाण्यातच जाईल.

याला कारंज्याइतका पैसा लागणार नाही. दरवर्षी दोन दिवसांचे श्रमदान पुरेल. गेल्या वर्षी उपटायला आम्ही साठजण होतो. यंदा लावायला किती येणार?