मोजपट्टी कुणाची, मन कुणाचे?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत महत्त्वाचा निकाल दिला. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यात म्हटले आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आदी वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता कसे वागावे, याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही न्यायालयाने बजावले आहे. निकाल स्वागतार्ह आहे. परंतु वस्तीतल्या शाळेपासून आयआयटीपर्यंत आपल्या मुलामुलींसमोर जो समुपदेशक बसेल, तो कोणते मानसशास्त्र शिकून आलेला असेल, हा प्रश्न चळवळीने आजच विचारला पाहिजे. कारण हे शास्त्र वाटते तेवढे निःपक्षपाती नाही.

मानसशास्त्र स्वतःला माणसाच्या मनाचे शास्त्र म्हणवते. पण कोणत्या माणसाच्या? जेफ्री आर्नेट या अमेरिकन अभ्यासकाने २००८ साली मानसशास्त्रातील सहा प्रमुख नियतकालिकांची तपासणी प्रसिद्ध केली. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांपैकी ६८ टक्के लोक एकट्या अमेरिकेतले होते आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले. या देशांत जगाची लोकसंख्या राहते फक्त १२ टक्के. त्यातही मोठा भरणा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा. जगाच्या आठव्या हिश्श्याचे मन तपासायचे आणि निष्कर्षाला 'मानवी स्वभाव' असे नाव द्यायचे! मूठभरांच्या आचाराला 'भारतीय संस्कृती' म्हणण्याची आपल्याकडची रीत आणि ही रीत यांत फरक तो काय?

स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडले. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या त्या शिकागो परिसरातील मुलग्यांच्या अभ्यासावरून. त्या मूळ अभ्यासात एकही मुलगी नव्हती. मुलग्यांवरून बनवलेली पट्टी पुढे मुलींना लावली गेली. त्यांच्याच सहकारी कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली या पद्धतीला जाहीर आव्हान दिले. स्त्री-पुरुषांच्या नैतिक विचारात मोठा फरक असतो, हे गिलिगन यांचे म्हणणे पुढच्या संशोधनात फारसे टिकले नाही. मात्र ज्यांना कधी विचारलेच नाही त्यांना उणे कसे ठरवता, हा त्यांचा सवाल आजही टिकून आहे.

याच संदर्भात कोलंबिया विद्यापीठातील एक गोष्ट आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. १९१३ साली बाबासाहेब तेथे दाखल झाले. त्याच काळात तेथील टीचर्स कॉलेजात लेटा हॉलिंगवर्थ ही तरुण स्त्री डॉक्टरेटसाठी काम करीत होती. मासिक पाळीत स्त्रीची बुद्धी आणि हात मंदावतात, म्हणून ती जबाबदारीच्या कामास अपात्र, असे तेव्हाचे विद्वान छातीठोकपणे सांगत. हॉलिंगवर्थ यांनी २३ स्त्रिया आणि २ पुरुष यांच्या वारंवार चाचण्या घेतल्या आणि १९१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : असा कोणताही मंदपणा आढळत नाही. आपल्याकडे विटाळ धर्मग्रंथांनी सांगितला, तिकडे तो शास्त्राच्या नावाने सांगितला गेला. दोन्हीकडे सांगणाऱ्यांनी तपासून पाहिले नव्हते. पण याच हॉलिंगवर्थ पुढे बुद्धी आनुवंशिक असते या मताच्या पुरस्कर्त्या झाल्या आणि सुप्रजननवादाकडे झुकल्या. स्त्रियांवरचा अन्याय ज्यांना दिसला, त्यांना वंश आणि वर्गाचा अन्याय दिसला नाही. एक पूर्वग्रह ओळखता आला म्हणजे दुसरा आपोआप ओळखता येतो असे नाही, हा धडा आपणही लक्षात ठेवावा.

वंशाचा इतिहास तर अधिक कडवट आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सुमारे १७ लाख जवानांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या. प्रश्न अमेरिकी व्यापारी माल, खेळ अशा माहितीचे. आणि गुण कमी पडले की कृष्णवर्णीय आणि नव्याने आलेले स्थलांतरित जन्मतः मंद! कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली त्यावर ग्रंथ लिहून वंशांची उतरंडच लावली. १९३० साली त्यांनी स्वतःच आपले निष्कर्ष निराधार असल्याचे मान्य केले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या संघटनेने वंशवादातील आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. चूक मान्य व्हायला शतक लोटले. तोवर किती पिढ्या 'मंद' ठरवल्या गेल्या असतील?

आता आपल्या घरचे पाहू. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. सहावी-सातवीतले ३२१ उच्चजातीय आणि ३२१ दलित मुलगे घेतले. त्यांना कागदावर वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक पडला नाही. मग मिश्र गटात प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरली. मुले तशीच होती, कोडी तशीच होती. बदलली होती ती फक्त खोलीतली हवा.

'न्यूनगंड' हा शब्द आपल्या मुलांना उठसूट चिकटवणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा. गंड त्या मुलांच्या डोक्यात कायमचा असता, तर जात न वाचलेल्या गटातही दिसला असता. आणि तरीही या मोलाच्या प्रयोगात एक रिकामी जागा आहे : त्यात एकही मुलगी नव्हती. स्त्रियांवरील पूर्वग्रहाची चर्चा होते तेव्हा समोर गोरी मध्यमवर्गीय स्त्री असते. जातीची चर्चा होते तेव्हा समोर मुलगा असतो. मातंग, बौद्ध, चर्मकार, आदिवासी, भटक्या-विमुक्तांच्या मुलीला विचारणारा कुणी नाही. तिची चूल, तिची धाकटी भावंडे, वर्गातले टोमणे आणि गावातली नजर कोणत्याही चाचणीच्या पट्टीत बसवलेली नाही.

हे केवळ विद्वानांचे भांडण नव्हे. हैदराबाद विद्यापीठात वसतिगृहातून काढलेल्या पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांपैकी रोहित वेमुला यांनी १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपवले. त्यानंतर नेमलेल्या रूपनवाल आयोगाने कारण शोधले ते त्यांच्या वैयक्तिक नैराश्यात. दोष एकदा पीडिताच्या मनात ढकलला की संस्था मोकळी होते. समुपदेशकाची खुर्चीही याच कामासाठी वापरली जाण्याचा धोका आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. मुलाला कोणतीही चाचणी दिली, तर पालकांनी विचारावे : ही कुणावर प्रमाणित केली, कोणत्या भाषेत, त्यात मुली किती आणि वस्तीतली मुले किती? जातीय छळाची तक्रार समुपदेशनाच्या खोलीत जिरवू नये, तिची कायद्याप्रमाणे चौकशी व्हावी. सामाजिक दर्जावरून किंवा रूढ मूल्ये न मानण्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातच लिहिले आहे, हे संस्थांना ठणकावून सांगावे. आणि आपल्या लेकींनी डॉक्टर, इंजिनिअर यांच्याबरोबर मानसशास्त्राच्या संशोधनातही शिरावे. प्रश्न विचारणारा बदलल्याशिवाय प्रश्न बदलत नाही.

जात मनात वसते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त मांडले. पण ते बोलत होते जात पाळणाऱ्याच्या मनाबद्दल. शंभर वर्षे मोजपट्टी आपल्या डोक्यावर धरली गेली. जे मन वर्गात शेजारच्याची जात विचारते, ते मन आता या शास्त्राने तपासायला घ्यावे.