अळंबी : रूप एक, कूळ वेगळे

पावसाळा सुरू झाला, की रानात अळंबी उगवते आणि रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. घरच्यांचे म्हणणे बहुधा एकच असते : ‘नेहमीच्या अळंबीसारखीच दिसत होती.’ खरा धोका या ‘सारखीच’ शब्दात आहे. आता जनुकशास्त्रानेही त्यावर बोट ठेवले आहे.

अनेक वर्षे शास्त्रज्ञसुद्धा अळंबीचे नाते रूपावरूनच ठरवत. टोपीचा आकार, देठावरचे कडे, टोपीखालचे पडदे आणि बीजाणूंचा रंग यांवरून कूळ ठरे. डीएनएची तुलना करता येऊ लागल्यावर यातली बरीच नाती चुकीची निघाली.

‘कोप्रायनस’चेच पाहा. या अळंबीची टोपी पिकल्यावर विरघळून शाईसारखी काळी होते. अशा सगळ्या अळंब्या सुमारे दोनशे वर्षे एकाच नावाखाली होत्या. जनुके तपासल्यावर कळले, की त्यातली खाण्याजोगी ‘कोप्रायनस कोमॅटस’ ही बटन मशरूमच्या कुळातली आहे, तर तिच्यासारख्या दिसणाऱ्या बहुतेक जणी दुसऱ्याच कुळातल्या. 2001 मध्ये त्यांची नावे वेगळी करण्यात आली. त्यांपैकी एक खाऊन कुणी दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामसारखाच हा परिणाम असतो.

मग कूळ कळले, की काम झाले का? तसेही नाही. ‘अमाटॉक्सिन’ हे यकृत निकामी करणारे विष अमानिटा, गॅलेरिना आणि लेपिओटा या तीन वेगवेगळ्या गटांतल्या काही प्रजातींत सापडते. यातली लेपिओटा तर बटन मशरूमच्याच कुळातली. एवढ्या दूरच्या गटांत एकच विष कसे आले? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, हे विष बनवणारी जनुके पूर्वजांकडून वारशाने न येता एका बुरशीतून दुसरीत आडमार्गाने शिरली असावीत. म्हणजे रूप फसवते आणि कूळही हमी देत नाही. नेमकी प्रजातीच ओळखावी लागते.

म्हणूनच चांदीचे नाणे काळे पडते का, किडे खातात का, या घरगुती कसोट्या निरुपयोगी आहेत. अमाटॉक्सिन शिजवूनही नष्ट होत नाही. त्रास बहुधा सहा तासांनंतर सुरू होतो. मग जुलाब थांबतात, रुग्णाला बरे वाटते आणि नेमके त्याच काळात यकृत खराब होत असते. त्यामुळे ‘आता उतार पडला’ म्हणून रुग्णाला घरी नेणे जिवावर बेतू शकते.

2012 पासून डीएनएचा ‘आयटीएस’ नावाचा छोटा भाग बुरशीची ओळखखूण म्हणून जगभर मान्य झाला आहे. ही तपासणी आज दुर्मीळ राहिलेली नाही. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी आपापल्या जिल्ह्यातल्या रानअळंबीची अशी नोंद करावी आणि ती जिल्हा रुग्णालयांना उपलब्ध करून द्यावी. अहवालासाठी उपचार थांबणार नाहीत, थांबूही नयेत. पण या वर्षी कोणत्या अळंबीने घात केला, हे नेमके कळले, तर पुढच्या पावसाळ्यात गावाला वेळीच सावध करता येईल. नुसते ‘विषारी अळंबी’ असे लिहून केसपेपर बंद केला, तर त्यातून कुणीच काही शिकत नाही.

लागवडीची बटन किंवा धिंगरी अळंबी खायला हरकत नाही, कारण तिचे बियाणे ओळखीचे असते. रानातली अळंबी खात्रीने ओळखता येत नसेल, तर खाऊ नये. खाल्ल्यावर त्रास झाला, तर उरलेली अळंबी फेकू नये. ती कागदात गुंडाळून रुग्णासोबत रुग्णालयात आणावी.