कोणीही वाचले नाही

इतिहासाचे वेड असलेले मेहुणे कोणाला नसावेत, आणि असलेच तर त्यांच्याकडे सुट्टीत पाहुणे म्हणून जाऊ नये. मे महिन्यात ताईकडे डेन्व्हरला गेलो, तेव्हा तिच्या हातची आमटी खावी, दुपारी ताणून द्यावी आणि उत्तरपत्रिकांचा शीण घालवावा, एवढाच माझा बेत होता. तिसऱ्या दिवशी मेहुण्यांनी एक छापील कागद पुढे ठेवला. ''तुमचंही नाव घालून ठेवलंय.'' ताईने माझ्याकडे पाहिले ते सुटका झाल्याच्या आनंदाने. इतकी वर्षे ती वारी तिच्या वाट्याला येत होती!

वायोमिंग राज्यातल्या शेरिडन गावी इतिहासप्रेमी मंडळींचे संमेलन होते. विषय, एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सैन्य आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यात सरहद्दीवर झालेल्या लढाया. साहित्य संमेलनांत वाढलेल्या माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नव्हते. तीच नोंदणीची रांग, तीच कापडी पिशवी, एकाच मुद्द्यावर वर्षानुवर्षे भांडणारे तेच दोन गृहस्थ. फरक एवढाच, की भाषणे वेळेवर संपत होती.

या लढायांना तिकडे 'इंडियन वॉर्स' म्हणण्याचा प्रघात आहे. नोंदणीच्या टेबलाशी मी सहज म्हणालो, ''मी इंडियन.'' तिथल्या बाईंनी अदबीने विचारले, ''कोणत्या नेशनचे?'' मी म्हटले, ''पुण्याचा.'' त्यांनी तेही लिहून घेतले.

पहिल्या दिवशी बसने फोर्ट फिल कर्नी पाहायला नेले. आपल्या डोळ्यांना किल्ला म्हणजे काळा कातळ, बुरूज, चोरवाट. इथे उभे केलेले ओंडके आणि बाकी सगळे गवत. तेही ओंडके मागाहून पुन्हा रोवलेले. मोंटानात सोने सापडले, तिकडे जाणारी वाट लाकोटा लोकांच्या शिकारीच्या मुलखातून गेली, आणि त्या वाटेच्या राखणीसाठी १८६६ साली हा किल्ला बांधला गेला. १८६८ च्या तहानंतर सैन्याने तो सोडला आणि मूळ रहिवाशांनी जाळून टाकला. दोन वर्षांचे आयुष्य! आमच्या राजगडाच्या पायऱ्यासुद्धा याला हसतील, असे मनात आले. मराठी माणसाला किल्ल्यांच्या बाबतीत जरा गर्व असतो, तो सातासमुद्रापार नेला तरी कमी होत नाही.

पुढे एका टेकाडावर दगडी स्मारक आहे. २१ डिसेंबर १८६६ रोजी कॅप्टन फेटरमनची तुकडी हुलकावणीला भुलून या टेकाडापलीकडे गेली आणि एकूण एक्याऐंशी माणसे मारली गेली. स्मारकावर कोरले आहे, की या लढाईतून कोणीही वाचले नाही. वाचून सगळे गंभीर झाले. तेवढ्यात आमचा वाटाड्या टोपी काढून म्हणाला, ''शेकडो वाचले की! जिंकले, आणि संध्याकाळी घरी गेले.''

बस हसली. मीही हसलो. पण वीस वर्षे व्याकरण शिकवलेला माणूस मी. 'कोणी' हे अनिश्चित सर्वनाम, असे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! ते इतके निश्चित असू शकते, हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोंटानात लिटल बिगहॉर्नला गेलो. २५ जून १८७६ रोजी कस्टर आणि त्याच्याबरोबरची दोनशेवर माणसे इथे पडली. उतारावर गवतात पांढरे संगमरवरी दगड विखुरलेले आहेत, जिथे शिपाई पडला तिथे दगड. बहुतेकांवर नाव नाही, 'सातव्या घोडदळाचा शिपाई येथे पडला' एवढेच. ते १८९० साली बसवले. आणि समोरून लढून पडले त्यांचे काय? त्यांचे नातलग दगडगोट्यांच्या राशी रचून जागा ध्यानात ठेवीत. सरकारी तांबडा दगड यायला १९९९ साल उजाडले. मैदानाचे नावही १९९१ पर्यंत कस्टरचेच होते. कायदा करून ते बदलावे लागले. आता तिथे मूळ रहिवाशांचे गोल स्मारक आहे, आणि त्याच्या भिंतीत समोरच्या सैनिकांच्या टेकडीच्या रोखाने एक फट मोकळी ठेवली आहे. पलीकडच्या मृतांना आत यायला वाट म्हणून.

मी त्या फटीशी बराच वेळ उभा राहिलो. मेहुण्यांना वाटले, मला ऊन लागले.

रात्री जेवणाच्या वेळी प्रत्येकाने आपल्या देशातल्या एका लढाईविषयी पाच मिनिटे बोलायचे होते. मी अर्थातच पानिपत तयार करून नेले होते. १४ जानेवारी १७६१, भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी, सारे क्रमाने. ठेक्यात बोललो. मग ते सांकेतिक पत्र सांगितले, दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचे. हे सांगताना मराठी सभेत सुस्कारे निघतात. इथे शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारले, ''खुर्दा म्हणजे?''

''चिल्लर,'' मी म्हणालो. ''म्हणजे साधी माणसं. शिपाई, बाजारबुणगे, यात्रेला म्हणून बरोबर गेलेले.''

''त्यांतल्या कोणाची नावं ठाऊक आहेत?''

मला एकही आठवेना. 'विश्वास पानिपतात गेला' ही आमची म्हणसुद्धा विश्वासरावावरची, म्हणजे मोत्यावरचीच. बाईंनी पुढे काही विचारले नाही. लोण्याची बशी माझ्याकडे सरकवली.

परतीच्या वाटेवर मेहुणे म्हणाले, ''छान बोललात.'' मी म्हणालो, ''हो.'' मग बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ''बलुचिस्तानात बुगटींच्या मुलखात अजून मराठे म्हणवणारी माणसं आहेत. पानिपतावर धरून नेलेल्यांचे वंशज मानतात त्यांना.'' हे मी पूर्वी वाचले होते. टीप म्हणून वाचले होते आणि टीप म्हणूनच विसरलो होतो.

पुण्याला आल्यावर बखरवाङ्मयाच्या टिपणांची जुनी वही काढली. नोकरीच्या पहिल्या वर्षीची, कोपरे दुमडलेली. पानिपताच्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिले आहे: 'एक पिढी गारद झाली. कोणीही परत आले नाही.' दरवर्षी हेच वाक्य सांगत आलो, आणि दरवर्षी मुलांनी ते परीक्षेत उतरवून काढले. मीच त्याला गुण दिले.

वाक्य खोडले. त्याच्या जागी काय लिहावे ते ठरेना, तोच तासाची घंटा झाली, आणि वही तशीच काखेत मारून वर्गावर गेलो.